सोसायटीच्या पाण्याचा धनी कोण?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या दक्षिण अंगाला, अलीकडे महापालिकेत आलेल्या एका गावातल्या सोसायटीच्या सचिव आहेत. त्यांच्याकडे पाणी तीन वाटांनी येतं. सकाळी थोडा वेळ महापालिकेचं, उन्हाळ्यात खासगी टँकरचं, आणि कार्यक्रमांना, तर काही घरांत रोजच, वीस लिटरचे थंड जार. समितीतले एक ज्येष्ठ काका म्हणतात, ‘‘सरकारी नियम म्हणजे परवान्यांचा धंदा. इन्स्पेक्टर येतो, पाकीट घेतो, जातो. आपण चांगला पुरवठादार बघू, वर्षातून एकदा लॅबचा रिपोर्ट काढू, विषय संपला.’’ ताई विचारतात, यात तथ्य किती? नियमांनी खरंच लोकांचं आरोग्य राखलं जातं का? आणि जात असेल, तर तो नियम आमच्या गेटच्या आत का येत नाही?

ताई, माझी नोकरीची बहुतेक वर्षं पाणी तपासण्यात गेली, आधी जिल्ह्यातल्या गावांचं आणि आता तुमच्यासारख्या सोसायट्यांचं. काकांचा राग मला समजतो, पाकिटाबद्दल ते बोलतात तेही खोटं नाही. त्यावर पुढे येतोच. पण ‘चांगला पुरवठादार आपणच बघू’ हे त्यांचं वाक्य मला जास्त धोक्याचं वाटतं, म्हणून आधी त्याचं बोलू.

भाजी शिळी निघाली तर दुसऱ्या दिवशी आपण त्या गाळ्यावर जात नाही. इथे निवड चालते, कारण माल हातात घेऊन बघता येतो आणि फसलो तर लगेच कळतं. पाण्याचं तसं नाही. बिघडलेलं पाणी बहुतेक वेळा स्वच्छ दिसतं, चवीला चांगलं लागतं, थंड केलं की तर अधिकच. आजार येतो तो नंतर. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू पोटात गेला की जुलाब साधारण दोन ते पाच दिवसांनी लागतात. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हिपॅटायटिस ई, दिसायला दोन ते आठ आठवडे घेतो. एवढ्या काळात तुमच्या घरातल्या माणसाने किती ठिकाणचं पाणी प्यायलेलं असतं! ऑफिस, लग्न, हॉटेल, क्लास, प्रवास. डोळे पिवळे झाल्यावर दीड महिन्यापूर्वीच्या जारवाल्याकडे बोट दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणजे वाईट पाणी विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत नाही. उलट जो जंतू मारणारा यूव्ही दिवा वेळेवर बदलतो, पाणी गाळणारा बारीक पडदा, म्हणजे मेंब्रेन, बदलतो, जार गरम पाण्याने धुतो, त्याचा जार महाग पडतो आणि गिऱ्हाईक तुटतं ते त्याचं. धंदा करणारी माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण ज्या व्यवहारात गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही, तिथे चांगल्या धंदेवाल्यालाही नियमाचाच आधार लागतो. सगळ्यांना दिवा बदलावाच लागला, तरच बदलणारा टिकतो.

काही धोके तर असे असतात की तिथे निवडीला जागाच नसते. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात शिसं असलेलं पेट्रोल जळत होतं तेव्हा ‘मी शिसं नसलेली हवा घेईन’ असं कोणाला म्हणता येणार होतं? शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. देशभर शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं ते २००० साली, आदेशाने. आज पंचविशीच्या आतल्या कोणाला ही गोष्ट आठवतही नाही. नियम नीट लागू झाला की त्याचा फायदा दिसेनासा होतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त रांगेचा, फॉर्मचा, स्टँपचा त्रास. काकांची चीड इथूनही येते.

आता तुमच्या भागाचं बोलू. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, केंद्राचं पथक आलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बऱ्याचदा त्याच्याआधी एक ते तीन आठवडे पोटाचा साधा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, नमुने तपासले तेव्हा काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो, तेव्हा अर्धकच्चं चिकन ही त्याची एक वाट. दुसरी वाट पाण्याची. त्यामुळे नांदेड गावातली विहीर, तिच्या पाण्यातलं क्लोरीन आणि परिसरातले जार भरून विकणारे खासगी आरओ प्लँट यांच्याकडे सगळ्यांची नजर गेली. पाणी पिण्यास अयोग्य निघालं म्हणून महापालिकेने त्या भागातले बरेच प्लँट बंदही केले.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काय टोचलं, ते सांगतो. नियम नव्हते अशी परिस्थिती नव्हती. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही सापडता कामा नये. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. पाणी पुरवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९च्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. अन्नाच्या भेसळीला कायदा आहे, साथीला कायदा आहे. माणसं आजारी पडतात ती बहुतेक वेळा या कायद्यांच्या सांध्यांत, जिथे एका खात्याची हद्द संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते.

पहिला सांधा गाव आणि शहर यांच्यातला. आमच्याकडे ग्रामपंचायतींसाठी एक पद्धत आहे, शहरातल्या लोकांना ती फारशी ठाऊक नसते. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो. तो विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि ‘ओटी’ घेतो. काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आरोग्य खात्याची माणसं वर्षातून दोनदा स्रोताची पाहणी करतात. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, पाइपला गळती आहे का, पावडरचा साठा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. लाल कार्ड मिळालेल्या गावात ग्रामसभेत सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. मी अशा ग्रामसभांना बसलो आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाने जे होत नाही ते त्या लाल कागदाने होतं, कारण तो बायाबापड्यांनाही वाचता येतो.

ही पद्धत कुठे फसते तेही बघा. वेल्ह्याच्या बाजूला एका गावात रोज पावडर टाकल्याच्या सह्या रजिस्टरमध्ये होत्या आणि तरी ओटी येत नव्हती. जलसुरक्षक पोरगा प्रामाणिक होता, डोळ्यांत पाणी आणून सांगत होता की टाकतो, रोज टाकतो. टीसीएलचं पोतं पंपघरात ओल आलेल्या भिंतीला टेकवून, तोंड उघडं ठेवलेलं. पावडरीचे खडे झालेले, नाकाला झिणझिण्या आणणारा वास जवळजवळ नाही. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा आणि ओल लागली की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आम्ही नापास करायचो. आता हिशेब करा. हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर धरली, तर ताज्या पावडरीतून लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. पाण्यातली घाण त्यातलं बरंच खाते, उरलेलं नळापर्यंत पोचतं. तीच पावडर १० टक्क्यांवर आली असेल तर मिळतं अर्धा मिलिग्रॅम, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ते विहिरीतच संपतं. नियम पाळला गेला होता, सही खरी होती, आणि गावाला संरक्षण शून्य होतं. पोतं बदललं, लाकडी फळीवर ठेवलं, तोंड बांधायला दोरी दिली. दुसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली.

हे सविस्तर सांगितलं कारण ‘नियम चालतो की नाही’ याचं उत्तर मंत्रालयातल्या राजपत्रात मिळत नाही. ते त्या पोत्यापाशी मिळतं. कोणीतरी शेवटच्या नळावर जाऊन मोजायला हवं.

तर २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर तिचं कार्ड गेलं, ग्रामसभा गेली. विहीर, टाकी आणि जुन्या पाइपलाइनी तिथेच राहिल्या. त्यांच्यावर उभ्या राहिल्या सात-सात, बारा-बारा मजली इमारती. पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यावर होणारी प्रक्रिया आणि गावच्या जुन्या विहिरीत टाकलेली पावडर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या सोसायटीच्या बिलावर महापालिकेचं नाव आहे म्हणून पाणी शुद्धीकरण केंद्रातलंच असेल असं धरून चालू नका. कुठल्या टाकीतून येतं, हे आधी विचारा.

दुसरा सांधा त्या थंड जारचा. इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आरओ यंत्राच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने मेंब्रेन खराब होतं. मेंब्रेन धड असेल तर जंतू अडतात, हे खरं. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात आता राखण करणारं काहीच उरलेलं नाही. पुढे ते साठवणीच्या टाकीत जातं, चिलरमध्ये जातं, हाताने धुतलेल्या जारमध्ये जातं, नुसत्या झाकणाने बंद होतं आणि टेंपोतून तुमच्या दारात येतं. या वाटेत कुठेही एक मळका हात लागला तर जंतूंना अडवणारं कोणी नाही. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी या बाबतीत जारपेक्षा भरवशाचं असू शकतं. क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक नळ सोडून जारकडे जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तो वास राखणदाराचा आहे.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर सीलबंद बाटली आणि सीलबंद जार यांना अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू आहे. ऑक्टोबर २०२४पर्यंत त्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं होतं. ती सक्ती काढल्यावर बाटलीबंद पाणी ‘अतिजोखमीचं अन्न’ या गटात टाकलं गेलं, म्हणजे दरवर्षी तपासणी आणि बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट. पण सील नसलेला थंड जार या व्याख्येत बसत नाही. तो ‘पॅकेज्ड’ नाही म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या चौकटीबाहेर राहिला, आणि महापालिकेकडे त्याच्यासाठी वेगळी परवाना पद्धत नव्हती. साथ आली तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला: ज्या धंद्याला परवाना देण्याची जबाबदारीच कोणाची नाही, तो रोज कोण तपासणार? तेव्हा तुमचा जारवाला ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ म्हणाला, तर कसलं ते विचारा. दुकाने कायद्याची नोंदणी, उद्यम नोंदणी, जीएसटी यांतल्या एकाही कागदाचा पाण्याच्या शुद्धतेशी संबंध नाही. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो आणि तो फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावाचा, कुठल्या पत्त्याचा आणि कुठल्या उत्पादनासाठीचा ते समोर येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा सांधा टँकरचा, आणि तो थोडक्यात सांगतो. टँकर कुठे भरला हेच बहुतेक सोसायट्यांना माहीत नसतं. महापालिकेच्या भरणा केंद्रावर, खासगी विहिरीवर की बोअरवर? शहरात बांधकामांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी टँकरनेच जातं. तोच टँकर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आला तर? चालकाच्या हातात भरण्याच्या जागेची चिठ्ठी नसेल तर तो टँकर गेटच्या आत घेऊ नये, असा ठराव समितीत करा. सुरुवातीला आरडाओरडा होईल. उन्हाळ्यात जास्त होईल.

आता काकांच्या पाकिटाकडे येऊ. तपासणीत भ्रष्टाचार होतो. मी तो जवळून पाहिला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून तपासणीच नको हे मला कधीच पटलेलं नाही. कुठल्या तपासणीत पैसे खायला वाव मिळतो ते बघा: जिचा निकाल फक्त इन्स्पेक्टर आणि मालक या दोघांनाच कळतो, जी तारीख सांगून होते, जिच्यात ‘समाधानकारक’ एवढाच शेरा असतो. याउलट, नमुना कुठून घेतला, कधी घेतला, किती आकडा आला आणि कोणी घेतला या चार गोष्टी भिंतीवर लावल्या की पाकिटाची किंमत एकदम उतरते, कारण उद्या दुसरा कोणी त्याच नळावर तीच नळी धरू शकतो. गावच्या कार्डाने हेच साधलं. सरकारचा नियम लोकांना स्वतः पडताळता येईल इतका सोपा करणं, हा भ्रष्टाचारावरचा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि वर्षातून एकदा काढलेला लॅबचा रिपोर्ट? तो त्या एका बाटलीचा असतो. शिवाय ती बाटली कशी भरली यावर सगळं अवलंबून. कितीतरी सोसायट्या मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून शिपायाच्या हाती लॅबमध्ये पाठवतात. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट टाकलेलं हवं. ते का, तर पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ व्हावं म्हणून. नाहीतर वाटेतल्या दोन-तीन तासांत क्लोरीन आपलं काम करत राहतं आणि नळाशी असलेले जंतू लॅबपर्यंत मरून जातात. रिपोर्ट चांगला येतो, पाणी मात्र चांगलं नसतं. नळाचं तोंड पुसायचं, स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून घ्यायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरायची, वर थोडी हवा ठेवायची, बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पोचवायची. चोवीस तासांच्या पुढे गेलेला नमुना फेकून द्यायचा. लॅब एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली असावी आणि तिचा माणूस नमुना घ्यायला यावा. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळाही आहे, तिचा दर्जा चांगला आहे.

सरकारी नियमावर विश्वास का ठेवायचा, याला पुण्याच्या इतिहासात एक कडवट बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. १८९७ साली प्लेगच्या वेळी त्याच वर्षी आलेल्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी पेठांतल्या घरांच्या झडत्या घेतल्या, सामान जाळलं, माणसं छावण्यांत नेली. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू होता असं मानलं तरी लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवायला सुरुवात केली. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे सगळ्यांना माहीत आहे. साथीच्या कामातल्या माणसाला त्याहून अधिक हादरवतात ते लपवलेले रुग्ण, कारण रुग्ण लपला की साथ आंधळी होते. नियमाला लोकांनी दार उघडायला हवं असेल, तर नियम राबवणाऱ्याने चप्पल बाहेर काढून यावं लागतं.

नियम उशिरा येतात हेही तितकंच खरं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. देशपातळीवर धरण सुरक्षा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. साठ वर्षं! भोपाळ १९८४मध्ये घडलं, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ला आला, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण १९८७ला घातलं गेलं. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक सुरक्षा नियम कोणाच्या तरी मरणानंतर लिहिलेला आहे. ‘एवढे नियम कशाला’ असं कोणी म्हणालं की मला ती माणसं आठवतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुट्या जारच्या पाण्याचा परवाना, तपासणी आणि बंद करण्याचा अधिकार हे तिन्ही एकाच खात्याकडे, महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, कायद्याने द्यावेत. त्यासाठी पुढच्या साथीची वाट बघू नये. विकून तोंडात जाणाऱ्या प्रत्येक पाण्याला एक धनी असला पाहिजे.

तोवर सोसायटीने काय करायचं? महापालिकेची जबाबदारी मीटरपर्यंत. पुढची जमिनीतली टाकी, पंप, वरची टाकी ही सगळी तुमची. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक तक्रारींचं मूळ या टाकीत निघतं. बिल्डरने जागा वाचवायला ड्रेनेजचं चेंबर टाकीला चिकटवून बांधलेलं असतं, प्लास्टरला बारीक तडा असतो आणि चेंबर तुंबलं की पाणी झिरपतं. टाकी रिकामी असताना आत दिवा घेऊन उतरणाऱ्याला ओलीची रेघ स्पष्ट दिसते. मात्र बंद टाकीत एकट्या माणसाला कधीही उतरवू नका. आधी झाकणं उघडी ठेवून हवा खेळती करा, वर दुसरा माणूस उभा ठेवा. टाकी दर सहा महिन्यांनी धुवायला हवी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच.

दुसरं, पाणी ठरावीक वेळच येत असल्याने उरलेल्या काळात पाइप रिकामा असतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. म्हणून सकाळचं पहिलं पाणी गढूळ दिसलं तर ते टाकीत जाऊ देऊ नका, बागेकडे वळवा. प्लंबर एक व्हॉल्व्ह बसवून देईल.

तिसरं, क्लोरीन मोजायचं डीपीडी किट घ्या. गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं आणि रंगाच्या पट्टीशी ताडून आकडा मिळतो. ओटीपेक्षा हे बरं, कारण ऑर्थोटोलिडिन हे रसायन हाताळायला चांगलं नाही. वॉचमन किंवा प्लंबरऐवजी समितीतल्याच कोणीतरी रोज सकाळी मीटरपाशी एकदा आणि सगळ्यात वरच्या मजल्याच्या नळाला एकदा मोजावं. काकांना द्या हे काम, मनापासून सांगतो. शंका घेणारा माणूस मोजायला उत्तम. दोन्ही आकडे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहा. मीटरपाशी ०.२ आहे आणि वर शून्य, तर दोष तुमच्या टाकीचा. मीटरपाशीच शून्य असेल तर आठवडाभराच्या नोंदींचा फोटो जोडून क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. ‘पाणी शुद्ध आहे का’ असं विचारू नका, ‘होय’ एवढंच उत्तर येईल. आमच्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीचं नाव काय, गेल्या सहा महिन्यांतल्या रोजच्या क्लोरीनच्या नोंदींच्या प्रती, जंतू तपासणीचे नमुने कुठून आणि कोणत्या तारखेला घेतले, अयोग्य निघालेल्या नमुन्यांनंतर काय केलं, असं विचारा. आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी मिळून विचारलं तर आणखी बरं.

आणि शेवटचं, जे बहुतेक सोसायट्या उलट करतात. एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर घाबरून लगेच टाकी धुवायला काढू नका. आधी सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. जारचं पाणी थांबवा. मग क्षेत्रीय कार्यालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, मीटर, खालची टाकी, वरचा नळ आणि जार या चारही ठिकाणचे नमुने वर सांगितलेल्या रीतीने घेऊ द्या आणि कोणत्या घरात कोणी कधी कुठलं पाणी प्यायलं याची यादी करा. नमुने गेल्यावर टाकी धुवा. आधी धुतली तर पाणी कुठे बिघडलं हे कोणालाच कधी कळणार नाही. आणि कोणाच्या पायांत मुंग्या, अशक्तपणा किंवा चालताना अडखळणं दिसलं, तर जुलाब थांबलेले असले तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.